छटाक, नवटाक आणि विजेचा तराजू

खानापूर तालुक्यातील नंदगडचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते संगोळ्ळी रायण्णाला तेथे देण्यात आलेल्या फाशीमुळे. ती गोष्ट १८३१ च्या जानेवारीतील. पण आसपासच्या खेड्यांतील माणसाला नंदगड ठाऊक होते ते बाजारासाठी. गोव्याकडून घाट चढून येणारा माल आणि देशावरचे धान्य यांची गाठ पडण्याचे ते एक ठिकाण होते. आणि जेथे माल तेथे तराजू हे ओघानेच आले. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅमची पद्धत आली आणि पुढील काही वर्षांत जुनी वजने दुकानांतून हद्दपार झाली. तरी ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना ती फळीवर ओळीने मांडलेली आठवतील : छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. दोन छटाकांची नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर आणि दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन आपल्या मागच्याच्या दुप्पट.

या पाच वजनांत एक मोठी मौज आहे. एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंतचे कोणतेही वजन या पाचांतूनच, प्रत्येक वजन फार तर एकदा वापरून, जुळविता येते. एकवीस छटाक हवे असतील तर शेर, पावशेर आणि छटाक पारड्यात टाकावयाचे. नवटाक आणि अच्छेर फळीवरच राहू द्यावयाचे. वजन पारड्यात असेल तर एक लिहावे आणि नसेल तर शून्य लिहावे, असे ठरविले तर एकवीस हा आकडा मोठ्या वजनापासून १०१०१ असा लिहिला जाईल. आजच्या गणकयंत्रातील सारे आकडे याच रीतीने लिहिलेले असतात. त्यातील प्रत्येक खुणेला ‘बिट’ म्हणतात. दुकानदार पाच बिटांचे गणित पोटापाण्यासाठी करीत होता; त्याला ते नाव ठाऊक नव्हते इतकेच.

गणकयंत्राचे आकडे जेव्हा बाहेरच्या जगात काम करावयास निघतात तेव्हा त्यांना असाच एक तराजू लागतो. मोटर आकड्याने फिरत नाही. तिला विद्युद्दाब लागतो. ध्वनिक्षेपकाचा पडदा आकड्याने थरथरत नाही. त्याला विद्युत्प्रवाह लागतो. आकड्याच्या प्रमाणात विद्युद्दाब निर्माण करणाऱ्या मंडलाला कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ‘डॅक’ म्हणतात. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड केंद्रावरील भाषण आज एखादा श्रोता खिशातल्या मोबाइलवर ऐकतो, तेव्हा वक्त्याचा आवाज वाटेत केवळ आकड्यांची माळ झालेला असतो. श्रोत्याच्या कानाशी पुन्हा त्याचा आवाज करण्याचे काम हा डॅक करतो. संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सोळा बिटांचे ४४,१०० आकडे दर सेकंदाला, आणि तेही डाव्या-उजव्या अशा दोन कानांसाठी वेगवेगळे, वाचले जातात.

आकड्याने चालणाऱ्या तराजूला पायऱ्या असतात. एकवीस छटाक आणि बावीस छटाक यांच्यामध्ये काही तोलता येत नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जशी श्रुती नसते तसेच हे. गळ्यातून मींड घेताना आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो, पेटीला मात्र पट्टीवरून पट्टीवर उडी मारावी लागते. हा तिच्यावरील आक्षेपांपैकी एक मोठा आक्षेप होता आणि तो इतका तीव्र झाला, की १९४० च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांत मज्जाव केला. तो सुमारे तीन दशके टिकला. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांसारखा वादक पेटीतून गळ्याच्या जवळ जाणारे गाणे काढीत होता, तेथील रसिकांना हा निर्णय रुचला नसल्यास नवल नाही. पेटीपुढे पट्ट्या वाढविण्यास जागा नव्हती, डॅकपुढे आहे. पाच बिटांच्या ३२ पायऱ्या होतात, सोळा बिटांच्या ६५,५३६ होतात आणि वीस बिटांच्या १०,४८,५७६. उणे दहा व्होल्टांपासून अधिक दहा व्होल्टांपर्यंतचा पल्ला सोळा बिटांनी विभागला, तर एक पायरी सुमारे ३०५ मायक्रोव्होल्टांची पडते. वीस बिटांनी विभागला तर जेमतेम १९ मायक्रोव्होल्टांची. मग पुढे एक गाळणी बसवून त्या बारीक पायऱ्यांच्याही कडा घासून टाकता येतात.

हा तराजू विजेत बांधावयाचा कसा? पहिला विचार असा सुचतो की एकाच्या दुप्पट दुसरा, असे सोळा रोध घ्यावेत. पण मग सर्वांत मोठा रोध सर्वांत लहानाच्या ३२,७६८ पट व्हावयास हवा, आणि इतक्या भिन्न मापांचे रोध एकमेकांशी अचूक प्रमाणात बनविणे अतिशय अवघड जाते. यावर निघालेली तोड शेतकऱ्याला चटकन कळावी अशी आहे. पाटाचे पाणी पहिल्या मोडणावर येते. तेथे त्याचे बरोबर दोन भाग होतात. अर्धे शेतात उतरते, अर्धे पुढे जाते. पुढच्या मोडणावर त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग, त्याच्या पुढे पुन्हा दोन. असे केल्यास पहिल्या शेताला निम्मे, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला अर्धपाव पाणी आपोआप मिळते. डॅकमध्ये हीच रोधांची शिडी असते आणि तिच्यात दोनच मापांचे रोध लागतात, एक दुसऱ्याच्या दुप्पट. शिडीची गोम तिच्या शेवटच्या टोकात आहे. तेथे दुप्पट मापाचे दोन रोध समांतर जोडलेले असतात, म्हणून त्यांचा मिळून एकपट रोध होतो. त्याच्या मागे एकपट रोध असतोच, म्हणजे मागून पाहणाऱ्या प्रवाहाला पुन्हा दुप्पटच रोध दिसतो. हे प्रत्येक मोडणावर घडते. पुढची वाट आणि खाली उतरणारी वाट सारख्याच अडचणीची, म्हणून प्रवाह सारखाच वाटला जातो. मग प्रत्येक शेताच्या तोंडाशी एक दार. बिट एक असेल तर त्या शेताचे पाणी मोजणीच्या हौदात घ्यावयाचे, शून्य असेल तर बाजूला सोडून द्यावयाचे. कागदावर हे सारे शाळकरी मुलालाही समजते, आणि प्रत्यक्षात ते वीस बिटांपर्यंत नेताना भल्याभल्यांची दमछाक होते.

त्या दमछाकीचे कारणही तराजूवरच पाहता येते. समजा, दुकानदाराचा शेर खोटा आहे, दीड छटाकाने हलका. छटाक, नवटाक, पावशेर आणि अच्छेर टाकून पंधरा छटाक झाले. गिऱ्हाईक म्हणाले, आणखी एक छटाक द्या. दुकानदार चारही लहान वजने काढतो आणि शेर टाकतो. गिऱ्हाइकाला सोळा छटाक मिळावयाचे ते मिळतात साडेचौदा. मागणी वाढली आणि माल घटला! लहान वजनातील खोट फारशी जाणवत नाही, पण मोठ्या वजनातील खोट या वळणावर उघडी पडते. सोळा बिटांच्या डॅकमध्ये सर्वांत मोठे वजन ३२,७६८ पायऱ्यांचे असते. त्यात तीस हजारांत एका भागाहून किंचित अधिक तूट असली की असाच उलटा प्रकार होतो. विद्युद्दाब वाढव म्हणून सांगितल्यावर तो उतरतो, आणि एखादी मोटर अशा जागी आणून थांबवायची असेल तर ती त्या जागेच्या पुढे-मागे डुलत राहते; कधी स्थिर होत नाही.

याच वळणावर आणखी एक खोडी आहे. चार वजने काढून एक टाकताना दुकानदाराचे हात एकाच क्षणी सगळे करू शकत नाहीत. आधी लहान वजने काढली तर क्षणभर पारडे रिकामे होते. आधी शेर टाकला तर क्षणभर पारड्यात एकतीस छटाक होतात. विजेच्या दारांचेही तसेच. ती सेकंदाच्या अब्जांशांच्या हिशेबात उघडमीट करतात, तरी त्यांच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत, आणि बाहेर येणाऱ्या विद्युद्दाबात एक टोकदार झटका उमटतो. पंधरावरून सोळावर जाताना जो झटका बसतो तो सोळावरून सतरावर जाताना बसत नाही. म्हणून हा दोष सरासरीत झाकला जातो, आणि झाकला गेल्यामुळे अधिक फसवा ठरतो.

उष्णतेचा त्रास वेगळाच. ऊन चढले की रोधांची मापे सरकतात. सर्व रोध सिलिकॉनच्या एकाच चिपेवर शेजारीशेजारी असतील तर ते एकाच प्रमाणात सरकतात आणि वाटणी तशीच राहते. दुकानातील सारीच वजने सारख्या प्रमाणात झिजावीत तसे. मात्र ज्या संदर्भ-दाबाची ही वाटणी करावयाची तोच सरकला तर त्याला इलाज नाही. बऱ्यापैकी प्रतीचा संदर्भ-दाब दर अंशाला दशलक्षांत दहा भाग सरकतो असे धरू. बेळगावकडच्या हिवाळ्यात सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दशलक्षांत शंभर भागांची चूक झाली. सोळा बिटांची एक पायरी दशलक्षांत पंधरा भागांची असते. सकाळी जुळविलेले यंत्र दुपारी सहा-सात पायऱ्यांनी चुकलेले असावयाचे! वीस बिटांच्या गोष्टी तर सोडाच. तेथे दोन निराळ्या धातूंच्या सांध्यावर एखाद्या अंशाचा फरक पडला, तरी जो सूक्ष्म दाब उत्पन्न होतो तो पायरीच्या घरात जातो. विद्यार्थी बहुधा डॅक निवडताना बिटांची संख्या पाहतात आणि संदर्भ-दाब मिळेल तो लावतात. हे क्रम उलटे आहेत. बिटांची संख्या हे विकणाऱ्याचे आश्वासन असते आणि ते पुरे करण्याची जबाबदारी मंडल जुळविणाऱ्यावर येऊन पडते.

येथपर्यंत एकाच तराजूची कथा झाली. खरी कामे एका तराजूने भागत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचे मोठे गणकयंत्र कार्यान्वित झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्या यंत्राला आलेख दाखविणारा चित्रनळीचा पडदाही जोडलेला होता. अशा पडद्यावर प्रकाशाचा एक बिंदू आडवा सरकविण्यास एक विद्युद्दाब लागतो आणि उभा सरकविण्यास दुसरा. हे दोन मार्ग झाले. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत गणकयंत्राच्या आज्ञेने चालणारी कातणयंत्रे आणि मिलिंग यंत्रे आहेत. नंदगड-खानापूरकडची तरुण मुले अशा यंत्रांवर काम शिकावयास जातात. मिलिंग यंत्राला आडवी, उभी आणि खोलीची अशा निदान तीन हालचाली असतात. या यंत्रांच्या जुन्या पिढीत प्रत्येक मोटरीला तिचा वेग सांगण्यासाठी उणे दहा ते अधिक दहा व्होल्टांची एक तार असे, आणि तिच्या मुळाशी एक डॅक. नव्या यंत्रांत ही आज्ञा मोटरीजवळच्या नियंत्रकापर्यंत आकड्यांतच जाते. पण जुनी यंत्रे अजून पुष्कळ ठिकाणी भाकर मिळवून देत आहेत, आणि शिकावयास तीच अधिक चांगली.

तीन मार्ग म्हटले की नवा प्रश्न उभा राहतो तो एकाच वेळी हलण्याचा. लोखंडाच्या तबकडीत वर्तुळ कापावयाचे आहे आणि हत्यार सेकंदाला वीस मिलिमीटर वेगाने सरकते आहे. उभ्या हालचालीची आज्ञा आडव्या हालचालीच्या आज्ञेपेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाने जरी उशिरा पोहोचली, तरी उभी हालचाल वीस मायक्रॉनपर्यंत मागे पडते. वर्तुळ राहत नाही. तिरके, किंचित लांबट अंडे होते. वीस मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा हिस्सा, पण ज्या भोकात बेअरिंग घट्ट बसावयाचे आहे तेथे एवढ्याने माल नापास होतो.

याचा उपाय लेझीमच्या पथकासारखा आहे. पुढचा हात कोणता, हे प्रत्येक मुलाला आधीच ठाऊक असते. पण शिट्टी वाजेपर्यंत कोणी हलत नाही. अनेकमार्गी डॅकच्या चिपेत प्रत्येक मार्गाला दोन कप्पे असतात. एकात चालू आकडा, दुसऱ्यात पुढचा. गणकयंत्र सावकाश, एकामागून एक, साऱ्या मार्गांचे पुढचे आकडे दुसऱ्या कप्प्यात भरून ठेवते. मग एकच विजेचा ठोका साऱ्या मार्गांना एकदम मिळतो आणि सगळे कप्पे त्याच क्षणी बदलतात. चार, आठ, सोळा मार्ग एका चिपेवर किंवा एका पत्त्यावर असण्याचा हा पहिला फायदा. दुसरा फायदा सामाईक संदर्भ-दाबाचा. तो सरकला तर सगळेच मार्ग सारखे सरकतात. पडद्यावरील वर्तुळ लहानमोठे होईल, परंतु वर्तुळच राहील.

एकत्र कुटुंबाचे जसे फायदे तसे तोटेही. वाडीच्या एकाच नळावर चार घरे असली आणि एकाने तोटी पुरी सोडली, की शेजाऱ्याची धार बारीक होते. एका मार्गावर मोठा प्रवाह ओढला गेला की तो परत जमिनीच्या तारेतून जावयाचा. ती तार सामाईक असेल तर तिच्या अल्पशा रोधावर एक दाब उभा राहतो आणि शेजारच्या मार्गाच्या मापात मिसळतो. एक दशांश ओहमाचा रोध आणि दहा मिलिअँपिअरचा प्रवाह म्हणजे एक हजार मायक्रोव्होल्ट झाले, सोळा बिटांच्या तीनहून अधिक पायऱ्या. म्हणून जाणता माणूस प्रत्येक मार्गाची परतीची वाट वेगळी काढतो आणि साऱ्या वाटा एकाच ठिकाणी आणून मिळवितो.

सामाईकपणाचा याहून सूक्ष्म परिणाम मात्र पुस्तकांच्या पानांत दडून राहतो. देवाची पालखी असो वा चर्चच्या सणाला निघालेली मूर्ती असो, चौघे खांदेकरी आपापल्या चालीने थोडे डुलत असतात. एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे, म्हणून ते डुलणे बरेचसे एकमेकांत जिरते. चौघे एका ठेक्यात डुलू लागले तर मूर्ती चौपट डुलते. चार मार्गांच्या विद्युद्दाबात जी अटळ, बारीक कुरकुर असते ती परस्परांपासून स्वतंत्र असेल, तर चौघांची मिळून चौपट न होता केवळ दुप्पट होते. तीच कुरकुर सामाईक संदर्भ-दाबातून आलेली असेल तर चौपट होते. उलटपक्षी, दोन मार्गांची वजाबाकी करावयाची असेल तर सामाईक कुरकुर नाहीशी होते आणि स्वतंत्र कुरकुर शिल्लक उरते. तेव्हा संदर्भ-दाब एक असावा की चार, या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. चौघे मिळून उचलणार आहेत की दोघे दोघांविरुद्ध ओढणार आहेत, हे आधी पाहावे लागते.

हा खांदेकऱ्यांचा प्रश्न जेथे अगदी टोकाला जातो, असे एक यंत्र महाराष्ट्रात उभे राहावयाचे आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा हे नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाचे गाव. त्याच्या परिसरात गुरुत्वलहरी ऐकणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा बांधण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह, पूर्ण मान्यता दिली. तिच्यामागे पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग आहे. आयुका ही कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली स्थापन झालेली संस्था. तेथील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारापासून, म्हणजे अशी लहर कोणी ऐकण्याच्या पाव शतक आधीपासून, गोंगाटात बुडालेली लहर गणिताने कशी वेचावी याचा अभ्यास करीत होते.

अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी लिव्हिंगस्टनला. प्रत्येकीला काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन निर्वात बाहू, आणि टोकांना चाळीस किलो वजनाचे आरसे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची लहर तेथे पोहोचली. त्या वेळी दोन बाहूंच्या लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका होता. एवढा फरक वाचावयाचा तर आरसा त्याच्याहूनही शांत असावयास हवा. म्हणून तो एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेला असतो; शेवटची टांगणी काचेच्या, म्हणजे शुद्ध सिलिकेच्या, ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंतूंची.

नुसते टांगून भागत नाही. भरती-ओहोटीने जमीन ताणली जाते, दूरच्या समुद्राच्या लाटांनी ती कापते, आणि आरसा हळूहळू हलत राहतो. तो प्रकाशाच्या लहरीशी जुळवून धरण्यासाठी गणकयंत्र त्याची स्थिती पाहून सेकंदाला १६,३८४ वेळा नवी आज्ञा काढते. ती आज्ञा सोळा आणि अठरा बिटांच्या अनेकमार्गी डॅकमधून जाते. वरच्या पायऱ्यांवर वेटोळी आणि चुंबके ढकलतात, तळच्या आरशाला विजेच्या आकर्षणाने हलकेच ओढले जाते. एका आरशाच्या टांगणीला असे पंचवीसच्या आसपास मार्ग लागतात. असे चार मुख्य आरसे, आणि शिवाय लहान आरसे वेगळे.

येथे डॅक हा नोकर धन्याला भारी पडू शकतो. त्याची स्वतःची कुरकुर वेटोळ्यात उतरली तर तीच आरशाला हलविते, आणि हलणारा आरसा विश्वाकडून आलेली लहर आणि डॅकची कुरकुर यांत भेद करू शकत नाही. यावर पहिली तोड टांगणीतच आहे. पाळण्याची दोरी हळू ओढली तर पाळणा झुलतो. तीच दोरी भराभर थरथरविली तर बाळाला पत्ताही लागत नाही. लंबकाच्या आपल्या ठेक्याच्या दहापट वेगाने वरून हलविले तर खाली शंभरावा हिस्सा पोहोचतो. दोन लंबक एकाखाली एक असतील तर दहा हजारावा. म्हणून जड आणि संथ ओढ वरच्या पायऱ्यांकडे सोपविलेली असते. तेथील डॅकची कुरकुर तळापर्यंत येईतो विरून जाते. जलद, हलकी ओढ मात्र तळाशीच द्यावी लागते.

दुसरी तोड नभोवाणीच्या श्रोत्यांच्या नित्य अनुभवातील आहे, जरी ती त्यांना दिसत नसली. एफ. एम. प्रक्षेपणात उंच पट्टीचे नाजूक स्वर केंद्रावरच मुद्दाम वाढवून पाठवितात आणि घरातील रेडिओ ते तेवढेच खाली आणतो. वाटेत मिसळलेली खरखर त्या उतरण्याबरोबर खाली जाते. स्वर मात्र मूळच्या जागी येतात. लायगोमध्ये केंद्राच्या जागी गणकयंत्र आहे, रेडिओच्या जागी डॅकनंतरचे मंडल आहे आणि खरखर डॅकची आहे. डॅकच्या आधी आकड्यांतच जलद कंपने वाढवावयाची आणि डॅकच्या नंतर साध्या रोध-धारित्रांच्या गाळणीने ती उतरवावयाची.

पण ही गाळणी कायम लावून ठेवता येत नाही. सुरुवातीला आरसे मोकळे झुलत असतात आणि त्यांना पकडण्यासाठी जोरकस ओढ लागते. गाळणी लावली तर ओढ तोकडी पडते. काढली तर कुरकुर वाढते. म्हणून या मंडलांना दोन अवस्था असतात. आरसे पकडेपर्यंत जोराची अवस्था आणि ते स्थिर झाल्यावर शांत अवस्था. पहिलीतून दुसरीत जाताना, आरसे हातून न निसटता, ही दारे बदलावी लागतात, आणि या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या कित्येक रात्री यातच जातात. पकडण्याचे दांडगे काम एका टोकाच्या आरशाकडे द्यावयाचे आणि सारे स्थिरावल्यावर दुसऱ्या टोकाच्या, हलक्या हाताच्या आरशाकडे सूत्रे सोपवावयाची, ही युक्तीही अमेरिकेतील वेधशाळेत वापरली गेली आहे.

औंढ्याच्या वेधशाळेसाठी व्यतिकरणमापकाचे बरेचसे सुटे भाग अमेरिकेतून यावयाचे आहेत. जागा, इमारती आणि निर्वात नळ्या भारताच्या. ते भाग जुळविणे, परतीच्या तारा वेगळ्या काढणे, प्रत्येक मार्गाची कुरकुर रात्रीच्या शांततेत मोजून लिहून ठेवणे आणि त्यातला कोणता मार्ग शेजाऱ्याच्या ठेक्यात डुलतो आहे हे शोधणे, ही कामे येथल्या माणसांना येथेच करावयाची आहेत. त्यासाठी जे हात लागतील ते साऱ्याच वेळी मोठ्या विद्यापीठांतून येतील असे नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत चार मार्गांचा स्वस्तातला डॅक घेऊन, एका मार्गावर मोटर फिरवीत शेजारच्या मार्गाचा विद्युद्दाब सहा अंकी मापकाने सकाळी आणि दुपारी टिपून ठेवणारा खानापूरचा मुलगा त्याच कामाचा पहिला धडा गिरवीत असतो.